डाव्या पायाचा व्हिडिओ

आमच्या शाळेतले खेळाचे सर बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, नवीन माणूस येईपर्यंत तुम्ही बघा." मी मराठी शिकवते. तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते, उजवी टाच दुखायची, आणि खेळाशी माझा संबंध म्हणजे लहानपणी हिर्डोशीच्या शाळेत खेळलेली लंगडी आणि खो-खो. त्यात त्याच वर्षी हायवेवरच्या, शिवऱ्याजवळच्या एका कारखान्याने शाळेला सहा फुटबॉल भेट दिले. मुलगे चार घेऊन पळाले. उरलेले दोन काखेत धरून मुली माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "बाई, आमाला पन शिकवा की."

शाळा मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तेव्हा जे जपायला हवं होतं ते आता तरी जपते.

टाचेसाठी व्यायाम शोधताना मोबाईलवर मला तो माणूस सापडला. साठीकडे झुकलेला जपानी माणूस, केस पांढरे, अंगात करडा स्वेटर. तळपायाखाली फुटबॉल घेऊन हळूहळू फिरवत होता. कधीकाळी तो त्यांच्या देशाच्या संघातून खेळला होता, डावा गुडघा गेला आणि खेळ थांबला, हे मला नंतर कळलं. तो स्वतः त्याबद्दल बोलत नसे. समुद्रकाठच्या एका लहान गावात, माशांच्या गोदामाच्या भिंतीपुढे तो रोज उभा राहायचा, चेंडूचा मिनिटभराचा एक खेळ करून दाखवायचा आणि शेवटी कमरेत वाकून नमस्कार करायचा. जगभरातले लोक तोच खेळ आपापल्या अंगणात, गच्चीवर, गल्लीत करून त्याला पाठवायचे. त्यातला एखादा निवडून तो आपल्या व्हिडिओशेजारी लावायचा. मैदानावर खेळत होता तेव्हा त्याला जेवढे लोक ओळखत नसतील तेवढे आता ओळखत होते. लाखांनी लोक त्याच्या मागे होते, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र ते कुठे दिसायचं नाही. म्हणूनच बहुधा तो मला आवडला.

फुटबॉल मी त्याच्याकडून शिकले असं सांगितलं की लोक हसतात, पण तसंच झालं. संध्याकाळी भोरला घरी आले की त्याचा त्या दिवशीचा व्हिडिओ चार-पाच वेळा बघायचे, दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मुलींना समजावून सांगायचे आणि मुली ते करून दाखवायच्या. मला स्वतःला त्यातलं एकही जमत नसे. मुलींनी त्याचं नाव जपानी काका ठेवलं. मी मैदानावर आले की पहिला प्रश्न असायचा, "बाई, आज जपानी काकांनी काय दिलंय?"

त्या मुलींमध्ये आठवीतली एक होती. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी आली होती. आईबरोबर आईच्या मावशीकडे राहते, एवढंच मला माहीत होतं. बोलायची कमी. मी काही सांगत असले की ती नेहमी माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहायची. तिच्या डाव्या बाजूने हाक मारली तर वळायची नाही. पोरगी जरा तंद्रीत असते, असं मी समजून चालले होते. पण चेंडू पायाशी आला की तंद्री कुठल्या कुठे जायची. डावा पाय तर असा चालायचा की बाकीच्या मुली आपलं खेळणं थांबवून बघत राहायच्या.

भात काढून झालं होतं. शाळेमागच्या खाचरात नुसती धसकटं उरली होती, पण शाळेच्या भिंतीला लागून चांगली टणक जागा होती. त्या शनिवारी जपानी काकांचा खेळ असा होता की चेंडू भिंतीवर मारायचा, परत आला की जमिनीला न लागू देता पुन्हा मारायचा, आणि मध्ये एकदा गर्रकन फिरायचं. बाकीच्या मुलींचे चार-पाच झाले. हिचे पस्तीसच्या पुढे गेले तेव्हा मी मोबाईल काढला. भिंतीला नुकताच रंग दिला होता. शाळेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं. ते दिसावं म्हणून मी मुद्दाम दोन पावलं मागे सरकले.

"टाकू का जपानी काकांना?" मी विचारलं.

"टाका, टाका!" सगळ्या ओरडल्या.

ती ओढणीने चेंडू पुसत होती. म्हणाली, "बाई, हे कोन कोन बघतं?"

"आपल्याला कोण बघतंय? माझे पन्नास-साठ ओळखीचे, बास."

"आन जपानी काका?"

"त्यांना रोज हजारो येतात गं. आपला कुठला दिसायला त्यांना."

तिने मान हलवली. मी तो होकार धरला. खरं सांगायचं तर तिचा प्रश्न मला तेव्हाही खटकला होता. इतर मुली विचारत होत्या की किती लोक बघतील. हिने कोण बघतं ते विचारलं होतं. पण मी तिथे थांबले नाही.

सोमवारी सकाळी स्कूटरवरून येताना पर्समधला मोबाईल सारखा थरथरत होता. शाळेत पोचले तर आमचे क्लार्क गेटवरच उभे. "बाई, जपानी काकानं घेतला! आपला घेतला!"

घेतला होता. एका बाजूला तो, एका बाजूला ती. त्याचा डावा गुडघा गेलेला, म्हणून तो उजव्या पायाने मारत होता आणि ती डाव्या. दोघांचं फिरणंसुद्धा एकाच क्षणी. आरशासमोर उभं राहिल्यासारखं दिसत होतं. खाली त्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. मोबाईलने त्याचं मराठी करून दिलं: या मुलीचा पाय बघून मला माझं तरुणपण आठवलं. मागच्या भिंतीवर काय लिहिलं आहे, कोणी वाचून सांगेल का?

आणि लोकांनी वाचून सांगितलं होतं. कुणी इंग्रजीत, कुणी जपानीत. गाव, तालुका, जिल्हा. एकाने नकाशावरची खूण चिकटवली होती, एकाने शाळेचा फोन नंबर. सगळे प्रेमाने, उत्साहाने. आपल्या आवडत्या माणसाने काही विचारलंय तर आपण सांगितलं, एवढाच त्यात हेतू. मी ते वाचत होते आणि माझा ऊर भरून येत होता. तासाभरात आपल्याकडच्या दोन-तीन बातम्यांच्या पानांनीही तो उचलला. सरपंचांचा फोन आला, सत्कार ठेवू म्हणाले. स्टाफरूममध्ये पेढे आले.

ती मुलगी मात्र त्या दिवशी आली नव्हती. मला वाटलं, थंडीतापाने पडली असेल.

मधल्या सुट्टीत तिची आई आली. मी तिला लांबूनच ओळखत होते. हायवेवर शिवऱ्याच्या बाजूला एका हॉटेलात भाकऱ्या करायला जायची, कधी परतताना मुलीला घेऊन जायची. हाताला पीठ तसंच होतं. ती आत आली नाही, व्हरांड्याच्या खांबाशी उभी राहिली. मी पेढा घेऊन बाहेर गेले.

"ते काढा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा."

"अहो ताई, असं काय करता? तुमच्या लेकीचं केवढं नाव..."

"बाई, तिच्या बापाला आमी कुठं हाय ते म्हाईत न्हाई."

मी पेढा हातात धरून तशीच उभी राहिले.

"आट म्हयने झाले," ती खाली बघून बोलत होती, आवाज न चढवता. "घाटाखालनं, महाडच्या बाजूनं आलोय आमी. पोरीच्या कानाखाली मारली व्हती त्यानं. त्या कानानं आता ऐकू येत न्हाई तिला. त्याच आठवड्यात निगालो. पावसाळाभर घाट बंद व्हता तर जरा तरी झोप लागत व्हती. हॉटेलातल्या पोरानं सकाळी मोबाईल दाखवला, मावशी, ही तुमचीच ना म्हनून; तवाच पोरीला फोनवर घरी थांबाय सांगितलं. त्या पोराला दिसली, मग तिच्या बापाला दिसनार न्हाई व्हय?"

माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहणारी ती मुलगी मला दिसली. कारण आता कळलं.

मी तिथेच उभ्या उभ्या माझा व्हिडिओ काढून टाकला. एका बोटाचं काम. पण त्याच्या पानावरचा तसाच होता. तो त्याचा झाला होता, त्याच्या व्हिडिओला शिवलेला. आणि त्याच्या पानावरून इतरांच्या पानांवर गेलेले वेगळेच.

मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. सरांना सगळं आधीपासून माहीत होतं. जुन्या शाळेचा दाखला न मागता त्यांनी मुलीला दाखल करून घेतलं होतं.

"सर, मला का नाही सांगितलं?"

"यांनी कोणाला सांगू नका म्हटलं होतं. मी शब्द पाळला." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्हाला तरी सांगायला हवं होतं."

मी जपानी काकांच्या व्हिडिओखाली लिहायला सुरुवात केली. आधी मराठीत, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. कृपया हा व्हिडिओ काढा, मुलीला धोका आहे. लिहिलं की दोन मिनिटांत ते खाली कुठेतरी गडप व्हायचं. वर नवे बदाम, नव्या टाळ्या, नवे झेंडे. पुन्हा लिहायचे, पुन्हा गडप. त्याला खासगी निरोप पाठवला, पण तसे निरोप त्याच्याकडे रोज पोत्याने येत असणार. इतके महिने त्या माणसाकडे बघून मला वाटायचं, हा किती जवळचा आहे. आता कळत होतं की त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नाही. मधे लाखो माणसं उभी होती आणि प्रत्येक जण आनंदाने ओरडत होता.

बातम्यांच्या पानांना फोन लावले. दोघांनी लगेच काढला. तिसरा माझ्याशीच वाद घालू लागला, "बाई, पॉझिटिव्ह बातमी आहे, तुमच्याच शाळेचं नाव होतंय." कारण सांगावं तर तीच बातमी होणार. मी नुसती विनवण्या करत राहिले.

मग मला माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. पुण्यात एका कंपनीत जपानी दुभाषी आहे. फोन उचलून ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, मीटिंगमध्ये आहे, अर्जंट आहे का?" मी म्हटलं, "हो." माझ्या आवाजात काय ऐकलं कोण जाणे, ती उठून बाहेर आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना लिहून उपयोग नाही. ते लहान मुलांना शिकवतात, त्या वर्गाचा नंबर कुठेतरी असेल. मी फोन करते."

वीस मिनिटांनी तिचा फोन आला. "त्यांच्या पत्नीने उचलला. ते मैदानावर आहेत, मोबाईल घरी. तिकडे आता संध्याकाळ आहे. सातला येतील म्हणाल्या. मी म्हटलं, सातपर्यंत थांबता येणार नाही. त्या सायकल घेऊन निघाल्यात."

आम्ही दोन हजार कोसांवरच्या कुठल्याशा बाईच्या सायकलची वाट बघत बसलो असताना क्लार्क दारात आले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. हसून म्हणाले, "सर, आपल्या त्या मुलीच्या वडिलांचा फोन येऊन गेला सकाळच्याला. नंबर नेटवर बघितला म्हणाले. लई खूश व्हते. भेटायला येतो म्हणाले, मी म्हटलं या की. बाराच्या सुमाराला पुन्हा केला व्हता, निघालो म्हणून."

आईने दोन्ही हात तोंडावर घेतले, तोंडाला पीठ लागलं.

माझं माहेर हिर्डोशीचं, भाऊ तिथेच राहतो. मी पटकन म्हटलं, "माझ्या भावाकडे चला. डोंगरातलं गाव आहे, तिकडे कोण येतंय."

तिने मान हलवली. "बाई, त्यो वरंध्याच्या घाटानं यील. हिर्डोशी त्याच्या वाटंवरच हाय."

वाटेवरच होतं. भोरही वाटेवरच होतं. मोटारसायकलवर तीन तास. बारा वाजता निघाला असेल तर एवढ्यात माझ्या घरावरून पुढे गेला असेल.

सरांनी गाडी काढली आणि मावशीच्या घरून मुलीला घेऊन आले. ती गाडीतून उतरलीच नाही. खिडकीतून आईला म्हणाली, "परत सामान भरायचं का?"

त्या प्रश्नात रडणं नव्हतं, राग नव्हता. वहीत काय लिहायचं ते विचारावं तसं विचारलं. आई दार उघडून तिच्याशेजारी बसली. सरांनी विचारलं, "कुठे सोडू? पुण्याला कोणी आहे?"

"न्हाई," आई म्हणाली. "वेल्ह्याला चला. पोलिसात. आट म्हयने मी अर्ज न्हाई दिला, त्येला पत्ता लागंल म्हनून. आता पत्ता लागलाच हाय."

त्यांची गाडी वेल्ह्याच्या दिशेने गेली. मी शाळेतच राहिले. सर म्हणाले होते, तुम्हीही चला. पण शाळेत पोरं होती, आणि कोणीतरी त्याला भेटायलाच हवं होतं, नाहीतर तो गावात घरोघर विचारत फिरला असता. शिवाय व्हिडिओ मी टाकला होता.

सव्वातीनला पुण्याहून फोन आला. "काढला, बाई. मैदानावरच, बायकोच्या हातातून मोबाईल घेऊन. काही विचारलं नाही. फक्त मुलगी आत्ता कुठे आहे, एवढंच. मी म्हटलं, सुरक्षित आहे."

मी पाणी प्यायले. पेला खाली ठेवतेय तोवर गेटापाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

कसा माणूस येईल याचं मी मनात एक चित्र केलं होतं. आला तो तसा नव्हता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, बारीक मिशी, हातात मिठाईचा बॉक्स. दारात चपला काढून आत आला आणि मला वाकून नमस्कार केला.

"बाई, तुमच्यामुळं माझ्या पोरीचं नाव जपानात गेलं. बापाला याच्यापरीस काय पायजे?"

मी बसा म्हटलं. क्लार्क कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. एव्हाना त्यांना सगळं सांगून झालं होतं, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुठंय ती?"

"आज आलेली नाही."

"घर कुठं हाय?"

"मला माहीत नाही."

"बाई," तो हसला, "तुमी गुरुजन. तुमी खोटं बोलायचं न्हाई." त्याने मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "मगाशी घाटात थांबलो तवा दिसत व्हता. आता न्हाई दिसत. कुनी काढाय लावला?"

मी समोरचं हजेरीपुस्तक मिटलं.

"काढला तरी माज्याकडं हाय." त्याने बोट फिरवलं. ती पुन्हा भिंतीपुढे आली, पाय फिरू लागला. त्याने मध्येच चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि मोबाईल माझ्याकडे सरकवला. "हे बघा. ह्या कोपऱ्यात."

भिंत संपते तिथे, गेटाच्या आत, एक बाई उभी होती. अंगाभोवती पदर, हातात स्टीलचा डबा. तो व्हिडिओ मी निदान पन्नास वेळा बघितला असेल. ती मला एकदाही दिसली नव्हती.

"माजी बायको," तो म्हणाला. "हातात डबा हाय. म्हंजी कामाला जाती. पायात बूट न्हाई, म्हंजी कारखान्यात न्हाई जात. कुठं जाती?"

हे सगळं तो अगदी सावकाश, मला समजावं अशा पद्धतीने बोलत होता. क्लार्कचा भाऊ त्याच हॉटेलात गल्ल्यावर बसतो. तो माणूस आता क्लार्ककडे वळला होता आणि त्यांचे ओठ हलायला लागले होते.

"चहा सांगा," मी मोठ्याने म्हटलं. "तुम्ही स्वतः जा आणि घेऊन या. जा."

क्लार्क उठले आणि जवळजवळ पळत बाहेर गेले. आता खोलीत आम्ही दोघंच. शेजारच्या वर्गात पाढे चालले होते. पोरांचा एकसुरी आवाज, मध्ये एखाद्याचं चुकणं, बाकीच्यांचं हसणं. तो ऐकत बसला. मिठाईच्या बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. दोरी आवळली की बोटाचं टोक लाल व्हायचं. मी त्या बोटाकडे बघत होते.

"पोरीला सांगा," तो म्हणाला, "मी रागावलेला न्हाई."

"तुम्ही तिच्या कानावर मारलंत," माझ्या तोंडून निघून गेलं. बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

त्याचं हसणं गेलं नाही, फक्त डोळ्यांतून गेलं. "म्हंजी माजी बायको भेटली तुमाला. आन घर म्हाईत न्हाई म्हनता."

तेवढ्यात स्कूटर आली. वेल्ह्याहून एक महिला कॉन्स्टेबल, वयाने माझ्या मुलीएवढी. खोलीत येऊन तिने खुर्ची ओढली, माझ्या आणि त्याच्या मध्ये ठेवली आणि बसली. त्याचं नाव, गाव, गाडीचा नंबर विचारला. तो सगळं नीट सांगत गेला.

"तुमच्या पत्नीने अर्ज दिलाय," ती म्हणाली. "आता माझ्याबरोबर ठाण्यात यायचं. आणि ह्या आवारात परत पाय ठेवायचा नाही."

"मी बाप हाय तिचा."

"ते साहेबांना सांगा."

तो उठला. दारात चपला घालताना वळून म्हणाला, "बाई, तुमचं पान सगळं बघितलं मी. कुंडीतली झाडं छान हायत. भोरला ऱ्हाता ना?"

त्या दिवशी घरी जाताना गावातल्या दोन मोटारसायकली हायवेवरच्या चेलाडी फाट्यापर्यंत माझ्याबरोबर होत्या. पुढचा रस्ता एकटीने काढला. प्रत्येक मागून येणाऱ्या दिव्याला मी वाट देत होते, आणि तो पुढे निघून गेला की मगच श्वास घेत होते. घरी पोचले तशी आधी माझं पान बंद केलं. कुंड्यांचे, सणांचे, सहलींचे, सगळे फोटो गेले.

नंतरचं सगळं सरळ झालं नाही. वेल्ह्यात त्याला समज देऊन सोडलं. पुढच्या महिन्यात तो दोनदा मार्गासनीच्या स्टॉपवर उभा असलेला लोकांनी बघितला, एकदा हायवेवरच्या हॉटेलांत चौकशी करून गेला. आईला ते काम सोडावं लागलं. तालुक्याच्या संरक्षण अधिकारी बाई आल्या, कागद झाले, कोर्टाच्या तारखा पडल्या. मी प्रत्येक तारखेला तिच्याबरोबर गेले. शेवटी त्याने जवळ यायचं नाही असा आदेश मिळाला. शिमग्यानंतर तो दिसायचा थांबला. आदेशामुळे, की आणखी कशामुळे, ते आम्हाला आजही माहीत नाही.

जपानी काकांनी दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकला तो चेंडूशिवाय. गोदामाच्या भिंतीपुढे उभं राहून काहीतरी थोडंसं बोलले आणि वाकले, ते बराच वेळ वर उठलेच नाहीत. माझ्या विद्यार्थिनीने अर्थ सांगितला. मी एक प्रश्न विचारला जो विचारायला नको होता, असं ते म्हणाले होते. यापुढे कोणाचा चेहरा आणि जागा दाखवणार नाही, फक्त पाय. त्यांचे लोक चिडले. डाव्या पायाची मुलगी कुठे गेली, असं महिनोन्महिने विचारत राहिले. त्यांनी उत्तर दिलं नाही. मला त्यांनी पत्र लिहिलं, विद्यार्थिनीमार्फत. त्यात माफी होती आणि एक विनंती होती की मुलीचं नाव त्यांना कधीही कळवू नये. मी उत्तर लिहायला वर्ष घेतलं. माझी चूक त्यांच्या चुकीआधीची होती, आणि ते लिहायला शब्द सापडत नव्हते.

मुलगी तीन आठवड्यांनी शाळेत आली. चेंडूला मात्र तिने बरेच महिने हात लावला नाही, पाय तर नाहीच. मैदानाच्या कडेला बसायची. मी कधी आग्रह केला नाही. नववीच्या पावसाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये मुली खेळत असताना चेंडू घरंगळत तिच्यापाशी गेला. तिने तो परत मारला आणि उठून त्यांच्यात गेली. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

आता ती दहावीत आहे. आई गावातच शिवणकाम करते. मागच्या महिन्यात ब्लाउज शिवायला म्हणून तिच्याकडे गेले होते. माप घेता घेता ती म्हणाली, "बाई, तुमचा लई राग आला व्हता मला."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"अजून हाय थोडा." तिने टेप माझ्या खांद्यावरून काढला, वहीत आकडा लिहिला. "हात वर करा."

मी हात वर केले.